घड्याळ सापडलं का?

इलोइलो
१२ जून १९८८

प्रिय सेंदा,

आंब्यांची पोच द्यायला मी सहा आठवडे लावले, तेव्हा तू मनातल्या मनात मला बरीच नावं ठेवली असशील. ठेव. आंबे गोड होते. थोडे शेजारी वाटले, बाकीचे मी एकटीने संपवले.

उशिराचं कारण सांगते. तुझ्याकडून परत येताना बोटीवर एक बाई भेटली. चिकट भाताचे इबोस विकणारी. पंधरा मिनिटांची गाठ, नाव ना गाव. पण तिच्यावरून मला काही सुचलं, ते मी लिहून काढलं आणि शाळा उघडली त्या दिवशी मुलींपुढे वाचलं. मुख्याध्यापिकांच्या डोळ्यांत पाणी आलं. फादरनी ते चर्चच्या पत्रकात छापलं. आता ऑगस्टमध्ये जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या मेळाव्यात मला त्यावर बोलायला सांगितलं आहे. माझ्यासारख्या चोपन्न वर्षांच्या मास्तरणीला हे जरा जास्तच आहे, पण नाही म्हणवेना.

पत्रक सोबत पाठवते. तरी त्यातला मुख्य भाग इथे उतरवते, म्हणजे ते भिजलं तरी तुला वाचता येईल.

‘तिने टोपलीतली एकेक वस्तू बाहेर काढून फळीवर मांडली. माडाच्या पानात गुंडाळलेले चाळीस इबोस, साखरेची पुडी, पाण्याची बाटली, झिजलेल्या सपाता. घाई नाही, कुरकुर नाही. मग सगळं त्याच क्रमाने परत भरलं. उतरताना माझी आंब्यांची करंडी तिने एका बाजूने धरली. मला वाटलं, आपलं आयुष्यही असं असावं, की कोणत्याही क्षणी चार माणसांपुढे उघडं करून ठेवता यावं.’

कसं वाटलं ते कळव. अर्सेनियोला नमस्कार सांग.

तुझी,
फेमिया

---

गिमारास
२१ जून १९८८

प्रिय मनांग फेमिया,

मधे पंधरा मिनिटांची खाडी, आणि तुझं पत्र यायला आठ दिवस. पोस्टमन पोहत येतो की काय कोण जाणे.

पत्रक मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा अर्सेनियोला मोठ्याने वाचून दाखवलं. तो झाडावरच्या आंब्यांना बांधायच्या कागदी पिशव्या चिकटवत बसला होता. संपल्यावर म्हणाला, ‘छान आहे, पण त्या बाईने भर बोटीत सगळी टोपली उपसली कशाला?’ मी म्हटलं, तुला आंब्यापलीकडे काही कळत नाही, इबोस मोजत असेल. तो म्हणाला, सपाताही मोजत होती का? या माणसाशी मी तीस वर्षं कशी काढली ते माझं मला ठाऊक.

पण मनांग, तुझी ही बाई मला ओळखू आली. ती बेदिंग असणार. साठीची, बारीक, डाव्या गालावर चामखीळ. आमच्या धक्क्यावर इबोस विकणाऱ्या दोघीच. दुसरी जाडी आहे आणि तोंडाने इतकी फटकळ, की तिच्यावर कोणी धडा लिहिणार नाही. बेदिंग मात्र हल्ली दिसली नाही. आजारी असेल. मी तिचं घर शोधून जाऊन येते आणि पत्रक वाचून दाखवते. आपल्यावर छापून आलंय आणि आपल्याला पत्ताच नाही, असं कोणाचं होऊ नये. बिचारी हरखून जाईल.

तुझी धाकटी बहीण,
सेंदा

---

इलोइलो
२७ जून १९८८

प्रिय सेंदा,

पत्र मिळालं. कृपा करून त्या बाईकडे जाऊ नकोस. मी लिहिलं ते कोणा एका बाईबद्दल नाही, तशा स्वभावाबद्दल आहे. लिहिणारा थोडं इकडचं तिकडचं करतोच. आणि चामखीळ वगैरे मी काही पाहिलेली नाही. उगाच नको त्या बाईला वाचून दाखवशील आणि तिला काही कळायचं नाही.

माझा गुडघा पुन्हा दुखतोय. शाळेत वरच्या मजल्यावरचा वर्ग दिला आहे.

घाईत,
फेमिया

---

गिमारास
५ जुलै १९८८

प्रिय मनांग फेमिया,

तुझं ‘जाऊ नकोस’ माझ्या हातात पडलं त्याच्या आदल्या दिवशीच मी जाऊन आले होते.

बेदिंग आजारी नाही. चर्चच्या मागच्या उतारावर तिचं घर आहे. आता ती सकाळी टोपली डोक्यावर घेऊन खाणीच्या रस्त्याने पायी फिरते. तीन तास चालते आणि निम्मे इबोस परत आणते. मी गेले तेव्हा ती पानं पुसत बसली होती. मी पत्रक वाचलं. तिने हातातलं काम थांबवलं नाही, पण ऐकत होती. माझं वाचून झालं तरी तिने मान वर केली नाही. मला वाटलं, संकोचली असेल.

मग तिने विचारलं, ‘बाईंचं घड्याळ सापडलं का?’

मी म्हटलं, कुठलं घड्याळ? तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘म्हणजे नाही सापडलं. अरेरे. चांगलं होतं, सोनेरी कडेचं.’ आणि पुन्हा पानं पुसायला लागली. मी खूप खोदलं, पण ती त्यावर एक अक्षर बोलली नाही. येताना दोन इबोस मात्र बळेच हातात दिले.

धक्क्यावर मी त्या जाडीला विचारलं. ती एवढंच म्हणाली, की एप्रिलच्या शेवटी बोटीवर काहीतरी भानगड झाली आणि तेव्हापासून बोटवाले बेदिंगला पाय ठेवू देत नाहीत. शहरातल्या कोणा मास्तरणीने तिला चोर ठरवलं म्हणे.

मनांग, तू तीस एप्रिलला माझ्याकडून गेलीस. तुझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीचं बक्षीस मिळालेलं घड्याळ सोनेरी कडेचं आहे. ते हरवल्याचं तू मला कधी लिहिलं नाहीस. मी अजून काहीच गृहीत धरलेलं नाही. तू सांगशील ते समजेन. पण सांग.

सेंदा

---

इलोइलो
१४ जुलै १९८८

प्रिय सेंदा,

तीन वेळा लिहायला बसले आणि तिन्ही कागद फाडले. हा चौथा.

घड्याळ माझ्याकडे आहे. आत्ता ते माझ्या मनगटावर नाही, कपाटात आहे. घालायला मन होत नाही.

त्या दिवशी बोट सुटल्यावर मी तिच्याकडून दोन इबोस घेतले. ती माझ्या शेजारीच बसली होती. हात चिकट झाले म्हणून घड्याळ काढून रुमालात ठेवलं आणि बोटीच्या कडेवरून वाकून हात धुतले. अर्ध्या खाडीत मनगटाकडे पाहिलं तर ते रिकामं. रुमाल कुठे ठेवला ते आठवेना. मी उठून उभी राहिले आणि वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाले, ‘माझं घड्याळ इथे होतं आणि ही बाई इथे बसली होती.’

मी एवढंच म्हणाले. तिला चोर म्हटलं नाही. पुढे कितीतरी दिवस मी स्वतःची हीच समजूत घालत होते.

बोटवाल्याने इंजिन मंद केलं. सगळी तोंडं तिच्याकडे वळली. ती रडली नाही, शपथाही घेतल्या नाहीत. ‘बघा’ म्हणाली आणि टोपलीतून एकेक वस्तू काढून फळीवर ठेवायला लागली. मी लिहिलं ते खरं आहे, सेंदा. घाई नाही, कुरकुर नाही. फक्त ते तिने का केलं, तेवढं मी गाळलं.

आणखी एक गोष्ट गाळली. शेवटी टोपलीच्या तळाशी गाठ मारलेली एक चिंधी राहिली. ती तिने काढली नाही. बोटवाल्याने विचारलं, ते काय आहे? ती म्हणाली, ‘ते माझं आहे. ते राहू द्या.’ मला वाटलं, सापडलं. मी म्हटलं, ‘सोड ती गाठ.’ माझ्यापेक्षा वयाने मोठ्या बाईला मी अगंतुगं केलं.

तिने गाठ सोडली. आत तिची कवळी होती, वरच्या दातांची. टोचते म्हणून ती एरवी घालत नसावी, शहरात पोचल्यावर घालत असेल. सगळी बोट हसली. मीही हसले. ते सुटल्यासारखं हसू होतं असं तुला सांगता आलं असतं, पण तसं नव्हतं. मला खरोखर गंमत वाटली होती.

तिने ती कवळी पुसली, सगळ्यांसमोर तोंडात बसवली आणि टोपली परत भरायला घेतली. धक्क्याला लागल्यावर बोटवाला तिला म्हणाला, ‘उद्यापासून इथे चढायचं नाही. आम्हाला कटकट नको.’ मी दोन हातांवर उभी होते. ऐकलं आणि गप्प बसले. माझी करंडी जड होती. तिने आपण होऊन एक बाजू धरली, फळीवरून उतरवून दिली आणि म्हणाली, ‘घरी गेल्यावर नीट शोधा बाई. वस्तू असते कुठेतरी.’

वस्तू त्याच करंडीत होती. तिसऱ्या दिवशी तळाचे आंबे काढताना रुमाल हाती लागला. घड्याळ चालू होतं.

त्याच दिवशी जायला हवं होतं. उद्या जाऊ, रविवारी जाऊ असं करत राहिले. त्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना, म्हणून लिहायला बसले. कबुली लिहायची होती, पण लिहिता लिहिता ती भलतीच सुंदर झाली आणि त्यात मी कुठेच राहिले नाही. मुख्याध्यापिका रडल्या तेव्हा मलाही रडू आलं. त्यांना वाटलं, आम्ही दोघी एकाच गोष्टीसाठी रडतोय.

तिच्याकडून मी शिकले नाही असं नाही. ते खोटं नाही. पण माझ्या शिकण्यासाठी तिला काय मोजावं लागलं ते तू लिहिलंस तेव्हा मला कळलं. तीन तास पायी.

तिला निदान एवढं सांगशील का, की घड्याळ सापडलं?

फेमिया

---

गिमारास
२२ जुलै १९८८

मनांग,

नाही सांगणार.

तुझं पत्र मी विहिरीवर जाऊन वाचलं आणि परकराच्या खिशात लपवलं. अर्सेनियोला दाखवलं नाही. तीस वर्षांत त्याच्यापासून लपवलेली ही पहिली गोष्ट, आणि ती तुझ्यामुळे. लहानपणी माझ्या वहीत खाडाखोड दिसली की तू कान धरायचीस. मी आयुष्यभर लोकांना सांगत आले, की माझी मनांग खोटं खपवून घेत नाही.

बेदिंगने मला घड्याळाबद्दल विचारलं ते तुझ्या काळजीने. ते ऐकताना मी तिथे होते, तू नव्हतीस. आता बोलायची पाळी तुझी आहे. खाडी तुला माहीत आहे.

सेंदा

---

इलोइलो
१ ऑगस्ट १९८८

प्रिय सेंदा,

गुरुवारी रजा टाकून मी गेले होते. तुझ्या वळणावरून गेले, पण आत यायचं धाडस झालं नाही.

बेदिंग दारातच होती. तिने मला लगेच ओळखलं. मी काही बोलायच्या आत माझ्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळ मी मुद्दाम घालून गेले होते, दाखवायला. ती म्हणाली, ‘सापडलं. बरं झालं.’ आणि बसायला बाक पुसून दिला.

मी सगळं सांगितलं. कुठे सापडलं, कधी सापडलं, किती दिवस गप्प बसले. कवळीचंही बोलले. ती ऐकत होती आणि भाताचे गोळे पानात भरत होती. क्षमा करा म्हटल्यावर ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. मी घड्याळ काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं, म्हटलं, हे तुम्ही घ्या.

ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, ‘हे घालून मी बोटीवर गेले तर लोक काय म्हणतील, बाई?’

सेंदा, मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. इतकी वर्षं मुलींना शिकवते आणि एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता.

मी घड्याळ उचललं. विचारलं, मग मी काय करू? तिला याचं उत्तर शोधावं लागलं नाही. म्हणाली, ‘तुम्ही बोटीवर बोलला होता. बोटीवरच बोला.’ तिने टोपली उचलली, कवळी घातली आणि आम्ही उतारावरून धक्क्यावर आलो. वाटेत तिने माझ्याशी गुडघेदुखीखेरीज दुसरा विषय काढला नाही.

बोटवाला तोच होता. तिला पाहून हात आडवा केला. मी म्हटलं, इंजिन सुरू करायच्या आधी मला दोन मिनिटं द्या. तो म्हणाला, बोला लवकर. वीस-पंचवीस माणसं असतील. चौतीस वर्षं वर्गापुढे उभी राहते आहे, पण त्या फळीवर मी कडेचा दांडा धरून उभी राहिले. मी म्हटलं, एप्रिलमध्ये याच बोटीवर मी या बाईंवर चोरीचा आळ घेतला. घड्याळ माझ्याच सामानात होतं. यांनी काही घेतलं नव्हतं, आणि हे मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. मग खाली बसले. बोटवाल्याने मानही हलवली नाही, दोरी ओढून इंजिन सुरू केलं. बेदिंग मात्र चढली, आणि त्याने अडवलं नाही.

मला वाटलं, झालं. ती माझ्याकडे वाकून म्हणाली, ‘मागच्यांना ऐकू गेलं नाही.’

इलोइलोच्या धक्क्यावर मी घरी जायला वळले. ती म्हणाली, ‘दोनच्या बोटीवर माणसं वेगळी असतात, बाई. बोटवालाही दुसरा असतो.’ आवाजात राग नव्हता. एखादं काम किती पडलंय ते सांगावं तसं सांगितलं.

मी परत गेले. दोनच्या बोटीवर बोलले, तीनच्या, मग सव्वाचारच्या. तिसऱ्या खेपेला एकजण म्हणाला, आधी बोंब मारताना आवाज चांगला लागला असेल. सगळे हसले. या वेळी हसू माझ्यावर होतं. मी उभी राहिले. बेदिंग हसली नाही. ती इबोस विकत होती.

शेवटच्या बोटीवर माझा आवाज फुटला. तिने मला पाण्याची बाटली दिली. एवढंच. आम्ही मैत्रिणी झालो असं समजू नकोस.

फेमिया

---

गिमारास
९ ऑगस्ट १९८८

प्रिय मनांग,

तू माझ्या वळणावरून गेलीस आणि आत आली नाहीस, याचा राग मी वेगळा ठेवला आहे. तो तू आल्यावर.

बेदिंग बोटीवर दिसते आता. शनिवारी मी मुद्दाम तिच्या शेजारी बसून पलीकडे गेले आणि परत आले. तुला बरं वाटावं म्हणून गोड लिहिणार नाही. ती चढली की दोन-तीन बायका अजूनही पिशव्या मांडीवर ओढून घेतात. एकीने नवीन मुलीला डोळ्याने खूण केली. बेदिंगने पाहिलं आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. मी त्या बायकांना सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, ‘आम्ही कुठे काय म्हणतोय? पण धूर निघतो तो उगाच का?’

विचारल्यावर कळलं, त्या फक्त शनिवारच्या बाजाराला येणाऱ्या. गुरुवारी त्यांच्यातली कोणीच नव्हती.

तुझी,
सेंदा

---

इलोइलो
१६ ऑगस्ट १९८८

प्रिय सेंदा,

मेळाव्यातलं भाषण मी नको म्हणून कळवलं. फादरकडे जाऊन पत्रकात खरी हकिगत छापायला सांगितलं. ते म्हणाले, ‘लोकांना त्यातून उभारी मिळाली, फेमिया. आता ती कशाला मोडायची?’ मी म्हटलं, त्यांच्या उभारीचं ओझं तिकडे एक बाई डोक्यावर घेऊन चालत होती. छापतील की नाही ठाऊक नाही, पण कागद त्यांच्या टेबलावर ठेवून आले.

काल सकाळी प्रार्थनेनंतर मुलींनाही सांगितलं. जूनमध्ये जिथे उभी राहून वाचलं होतं तिथेच उभी राहिले. मुख्याध्यापिका जमिनीकडे पाहत होत्या. संपल्यावर पहिल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, ‘बाई, ते दात पाहून तुम्ही पण हसला होता?’

मी हो म्हटलं. ती हात खाली घ्यायला विसरली.

वर्गात आता मी काही विचारलं की मुली जरा वेळ माझ्याकडे बघतात आणि मग उत्तर देतात. हे किती दिवस चालेल माहीत नाही. चालू दे.

शनिवारी येते. सहाच्या, आठच्या आणि दहाच्या बोटीला बोलेन, मग तुझ्याकडे. घसा अजून बसलेला आहे, पण शनिवारपर्यंत सुटेल.

तुझी,
फेमिया